उत्तर चुकलं, पण कसं चुकलं? : छात्राध्यापकाच्या कृतिसंशोधनाबद्दल

छात्राध्यापकांच्या (शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्यांच्या) कृतिसंशोधनाचे, म्हणजे वर्गातली अडचण शोधून तिच्यावर उपाय करून पाहण्याच्या अभ्यासाचे, विषय पाहिले की एक गोष्ट लगेच खटकते. शीर्षकातच उपाय ठरलेला असतो. ‘खेळांद्वारे गणिताची गोडी वाढवणे’, ‘चित्रफितींच्या साहाय्याने वाचन सुधारणे’. वर्गात नेमकं काय बिघडलंय हे अजून कुणी पाहिलेलं नसतं आणि औषध मात्र हातात तयार असतं. सहा आठवड्यांचं काम असेल तर त्यातला पहिला पूर्ण आठवडा, जमल्यास दीड, फक्त निदानाला द्यावा, असं माझं ठाम मत आहे. संशोधनाचा कस तिथेच लागतो.

एक उदाहरण जवळून पाहू. वजाबाकी आहे ५०३ − २७८. बरोबर उत्तर २२५. तीन वह्यांत तीन उत्तरं सापडतात: ३७५, २३५ आणि ३२५. तिघांनाही शून्य गुण. आता उत्तरं उलगडून बघा. ३७५ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय: आठातून तीन, सातातून शून्य, पाचातून दोन. त्याच्या लेखी ही एक संख्या नाहीच, शेजारी शेजारी मांडलेले तीन सुटे अंक आहेत. २३५ लिहिणाऱ्याने शतक मोडून दहा दशक केले, त्यातला एक एककाला दिलाही, पण दशकाच्या घरात आता नऊच उरलेत हे नोंदवलं नाही. ३२५ वाल्याने शून्याचे नऊ केले, तिनाचे तेरा केले, फक्त शतकातून एक कमी केला नाही.

पहिल्या मुलाला काड्यांचे गठ्ठे सोडून बघायला हवेत, स्थानिक किंमतीपासून. उरलेल्या दोघांना कल्पना कळलेली आहे, नोंद ठेवण्याची शिस्त हवी आहे. त्यांना अंक खोडून वर नवा अंक लिहायला लावा आणि ताळा करायला शिकवा. ३२५ + २७८ = ६०३ येतात, म्हणजे चूक शतकाच्या घरात. २३५ + २७८ = ५१३ येतात, म्हणजे दशकाच्या. मूल स्वतःची चूक स्वतः पकडतं. तिघांनाही सरसकट ‘खेळातून वजाबाकी’ दिली असती तर यातलं काहीच कळलं नसतं.

म्हणून नैदानिक चाचणी अशी काढा की चुकांचे प्रकार वेगळे दिसतील. दहा उदाहरणं पुरतात: तीन बिनहातच्याची, तीन हातच्याची, चार मध्ये शून्य असलेली. एकाच प्रकारची चार उदाहरणं कशासाठी? एखादी चूक घाईतही होते. चारपैकी तीन ठिकाणी तीच चूक तशीच आली, तर ती समजुतीतली चूक धरावी. मग प्रत्येक प्रकारातल्या दोन-तीन मुलांना एकेकटं बसवून ‘हे कसं केलंस, बोलून दाखव’ असं विचारा. चार-पाच मिनिटं पुरे. चूक की बरोबर हे सांगायचं नाही, बोट दाखवायचं नाही, मान हलवायची नाही. मूल जे शब्द वापरेल तेच उतरवून घ्यायचे. ‘शून्याकडे काही नाही म्हणून सोडून दिलं’ हे वाक्य अहवालात तक्त्यापेक्षा जास्त सांगतं.

यानंतरच प्रश्न लिहायला घ्या, तोही एका दमात वाचता येईल इतका छोटा: मध्ये शून्य असलेल्या वजाबाकीत बदललेला अंक वर लिहिण्याची आणि ताळ्याची सवय लावली, तर तीन आठवड्यांत दशक-शतकाच्या नोंदीच्या चुका कमी होतात का? यात कोणती चूक, कोणता उपाय, किती काळ हे सगळं आलं. आठवड्याला तीन वेळा वीस-वीस मिनिटं धरली तर नऊ बैठका होतात. प्रत्येक बैठकीनंतर त्याच दिवशी पाच ओळींची नोंद करा. दोन दिवसांनी लिहिलेल्या नोंदीत घडलेलं कमी आणि घडायला हवं होतं ते जास्त येतं.

मोजमापात तीन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिला म्हणजे उत्तरचाचणी, उपायानंतरची चाचणी, पूर्वचाचणीपेक्षा सोपी निघते. ५०३ − २७८ च्या जोडीला ६०४ − ३६७ चालेल, ७३४ − २६८ चालणार नाही. हातचा दोन्हीत दोनदा येतो, पण दुसऱ्यात शून्यच नाही. दुसरा घोटाळा हजेरीचा. पटावर ३२, पूर्वचाचणीला ३०, उत्तरचाचणीला २८ आणि दोन्हीला हजर फक्त २६ असतील, तर तुलना त्या २६ जणांचीच.

तिसरा घोटाळा सहज लक्षात येत नाही. एकाच चाचणीतली सर्वांत मागची आठ मुलं उपायासाठी निवडली, तर त्यातली काही केवळ तो दिवस वाईट गेला म्हणून मागे असतात. काहीही न करता ती पुढच्या वेळी वर येतात आणि श्रेय आपल्या उपायाला जातं. निवडीआधी चार दिवसांच्या अंतराने दोन चाचण्या घेतल्या की हा धोका बराच कमी होतो. उपाय थांबल्यावर तीन आठवड्यांनी आणखी एक छोटी चाचणी घेता आली तर जरूर घ्या. टिकलं किती, ते तीच सांगते.

आठ मुलांवर टी-चाचणी (दोन सरासरींतला फरक योगायोगाचा आहे का, हे तपासणारी संख्याशास्त्रीय कसोटी) लावायचा आग्रह धरू नये. प्रत्येक मुलाचे आधीचे आणि नंतरचे गुण एका रेषेने जोडून दाखवा. कोण वर गेलं, कोण तिथेच राहिलं, एका नजरेत दिसतं.

स्वतःच्या शिकवण्याचंच निरीक्षण करायचं असेल तर सहकाऱ्याला मागे बसवा. वर्गातलं बोलणं नोंदवण्याच्या फ्लँडर्स यांच्या पद्धतीत दर तीन सेकंदांना दहापैकी एका प्रकारात नोंद होते, म्हणजे दहा मिनिटांत २०० नोंदी. नवख्याला दहा रकाने झेपत नाहीत. शिक्षक बोलतोय, मूल बोलतंय, शांतता, एवढे तीनच ठेवा. शांततेचा रकाना गाळू नका. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात, हे शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी ध्वनिफिती ऐकूनच दाखवलं होतं.

मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४६ साली कृतिसंशोधनाचा मार्ग मांडला तेव्हापासून त्यात आखणी, कृती, पडताळा आणि पुन्हा आखणी असं चक्र आहे. पदव्युत्तर कामात किमान दोन फेऱ्या दिसाव्यात. पहिल्या फेरीत काही जमलं नाही तर ते लपवू नका. ताळ्याची सवय लावल्यावर काही मुलं उत्तर जुळेपर्यंत अंक बदलत बसतात. हे आढळलं की दुसऱ्या फेरीचा प्रश्न तयारच झाला.

मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी लेखी घ्या. मुलालाही विचारा, आणि ‘नको’ म्हणालं तर त्याची माहिती वापरू नका, शिकवणं मात्र त्यालाही तेवढंच मिळालं पाहिजे. नावांऐवजी वि१, वि२ असे संकेत वापरा आणि परिशिष्टात वहीची पानं जोडताना कोपऱ्यातलं नाव झाकलंय ना, हे प्रत्येक पानावर तपासा.