पेन्सिलीची फुली

"सर, सही तेवढी इथे करा. बाकी सगळं आम्ही बघतो."

भावाने पेन उचललंसुद्धा. फॉर्म कोरा होता. नाव, जन्मतारीख, नोकरीची वर्षं, सगळं रिकामं. फक्त खाली, सहीच्या जागी, पेन्सिलीने मारलेली एक बारीक फुली.

मी मध्येच विचारलं, "तुमचा लायसन्स नंबर?" कॅनडाच्या पीआरचं, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवानगीचं, काम पैसे घेऊन करायचं तर तिथला नोंदणीकृत सल्लागार किंवा वकील असावं लागतं. सल्लागारांची यादी ऑनलाइन कुणालाही बघता येते.

"नंबर आमच्या टोरंटोच्या ऑफिसकडे असतो, मॅडम," असं म्हणत एजंटाने चहा पुढे सरकवला. (चहा मात्र फक्कड होता.)

रिक्षात भाऊ गप्प. मग म्हणाला, "अगं ताई, पण मला त्या पॉइंटांचं काही कळत नाही."

खरंय त्याचं. एक्स्प्रेस एन्ट्रीचं, म्हणजे पॉइंटांवर निवड करणाऱ्या कॅनडाच्या ऑनलाइन पद्धतीचं, प्रोफाइल फुकट बनवता येतं, पण आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा, डिग्रीचं मूल्यांकन, नोकरीचा एनओसी कोड (कॅनडाच्या व्यवसायांच्या यादीतला क्रमांक) म्हटलं की माणूस बिचकतो. आधी व्हिसा नाकारला गेला असेल तर चांगला सल्लागार हवाच. भावाचं तसं काहीच नाही.

आणि अर्जात खोटी माहिती गेली तर 5 वर्षांची बंदी अर्जदारावर येते. ती माहिती कोऱ्या फॉर्मवर कुणी भरली, हे कुणाला सांगत बसणार?

आत्ता त्याने लॅपटॉप उघडलाय. एनओसी कोडवरच अडलाय.

तुमच्यापैकी कुणी स्वतः भरलाय का हा अर्ज? किती रविवार गेले?