हॅमसिक की हामशीक

२४ जून २०१० ही तारीख मला तोंडपाठ आहे. बायकोचा वाढदिवस मोबाइलमध्ये लिहून ठेवावा लागतो, ही नाही.

तेव्हा मी पुण्यात एका मराठी दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर उपसंपादक होतो. दुपारी चारला यायचं, रात्री दीडला निघायचं. क्रीडेला एक पान, त्यातलं खालचं अर्धं जाहिरातीच्या मालकीचं. फुटबॉलचा वर्ल्ड कप म्हणून महिनाभर आणखी पाव पान मिळालं होतं, पण दर दोन दिवसांनी कुठल्या तरी पंख्याची नाहीतर इन्व्हर्टरची जाहिरात ते परत घेऊन जायची.

चारच्या मीटिंगमध्ये त्या दिवसाचा हिशेब सोपा वाटत होता. दांबुलात आशिया कपची फायनल, भारत-श्रीलंका. हे लीड, त्यावर चर्चासुद्धा नाही. विम्बल्डनला इस्नर आणि माहू यांची पहिल्या फेरीतली मॅच आदल्या दिवशी पाचव्या सेटमध्ये ५९-५९ वर अंधारामुळे थांबलेली, ती पुढे सुरू होणार. आणि साडेसातला जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर इटली-स्लोव्हाकिया. इटली गतविजेता. पहिल्या दोन्ही मॅच बरोबरीत घालवल्या होत्या खऱ्या, पण समोर कोण? १९९३ला देश झालेला, पहिल्यांदाच वर्ल्ड कप खेळणारा, पॅराग्वेकडून ०-२ मार खाल्लेला स्लोव्हाकिया. ‘अडखळत का होईना, इटली बाद फेरीत’ हा मथळा मीच मीटिंगमध्ये म्हणून दाखवला. वृत्तसंपादकांनी मान डोलावली आणि विषय संपला.

मी मात्र घरून एक चौकट लिहून आणली होती. ‘घरचाच पाहुणा’. विषय मारेक हॅमसिक. (तेव्हा आम्ही हॅमसिकच लिहायचो. त्याकडे येतोच.) स्लोव्हाकियाचा मिडफिल्डर, आणि वय २२ असताना संघाचा कर्णधार. जन्म बान्स्का बिस्त्रित्साचा. ब्रातिस्लाव्हाच्या स्लोव्हान क्लबातून २००४ साली इटलीत ब्रेशियाला गेला आणि मिसरूड फुटायच्या वयात, १७व्या वर्षी, इटलीच्या अव्वल लीगमध्ये उतरला. त्याच मोसमात ब्रेशिया खालच्या लीगमध्ये घसरला. दोन वर्षं तिथे काढल्यावर २००७मध्ये नापोलीने त्याला ५५ लाख युरोंना घेतलं. नापोली म्हणजे मॅराडोनाचा क्लब. मध्यंतरी दिवाळं निघून तिसऱ्या लीगपर्यंत गेलेला, तिथून चढत चढत नुकताच वर आलेला. नेपल्सच्या लोकांना मोठं नाव हवं होतं, आणि आला कोण, तर केसांचा तुरा उभा केलेला कोवळा पोरगा. लोकांनी नाकं मुरडली. मग दोन-तीन वर्षांत त्याच लोकांनी त्याला ‘मारेकियारो’ म्हणायला सुरुवात केली. मारेकियारो ही तिथली समुद्राकाठची वस्ती, म्हणजे आपण एखाद्या परदेशी पोराला लाडाने ‘माहीमकर’ म्हणावं तसं.

चौकटीत मला जे खरं सांगायचं होतं ते शेवटच्या चार ओळींत होतं. त्या संध्याकाळी टॉसला त्याच्यासमोर इटलीचा कर्णधार म्हणून उभा राहणार होता फाबियो कानाव्हारो, आणि नापोलीत याचा कर्णधार होता फाबियोचा धाकटा भाऊ पाओलो. इटलीच्या बाकावर बसलेले माज्जो आणि क्वालियारेल्ला हे त्याचे क्लबातलेच सोबती. घरचीच भांडणं. १५० शब्द झाले होते. मला आवडले होते.

सहा वाजता नावांचा घोळ सुरू झाला. एजन्सीची कॉपी इंग्रजीत येते, आणि इंग्रजीत स्लोव्हाक नावांवरच्या सगळ्या टोप्या गळून पडतात. चाकणला मोटारींच्या कारखान्यात काम करणारा माझा एक मित्र तीन महिने ब्रातिस्लाव्हाला राहून आला होता. त्याला फोन लावला.

“एसवर टोपी असली की श,” तो म्हणाला. “हॅमसिक काय रे? हामशीक. शी दीर्घ. जोर पहिल्या अक्षरावर. आणि तुमचा तो डिफेंडर स्कर्टेल... स्कर्टबिर्ट काही नाही. श्क्‌र्-टेल. मध्ये स्वरच नाही.”

“स्वर नाही तर म्हणायचं कसं?”

“ते म्हणतात बाबा. श्ट्‌र्-बा पण म्हणतात.”

मी स्पीकर चालू केला होता. पलीकडच्या टेबलावर आमचे मुद्रितशोधक बसायचे. संस्कृतचे एम. ए., डेस्कवर सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. त्यांनी लाल पेन खाली ठेवलं.

“स्वर नाही कसा? अहो, तो र नाहीच. तो ऋ आहे. स्वरच आहे तो. विचारा त्यांना, दीर्घ असतो का त्यांच्याकडे?”

विचारलं. असतो म्हणे. र वर तिरकी रेघ दिली की दीर्घ. आणि ल चंही तसंच, ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही.

गुरुजी उठून माझ्या टेबलाशी आले. “म्हणजे आपल्या वर्णमालेत ॠ आणि ॡ नुसते फोटोतल्या आजोबांसारखे टांगलेले, आणि तिकडे लोक त्यांना घेऊन फुटबॉल खेळतायत! लिहा. श्कृटेल. श्टृबा.”

“गुरुजी, आपल्याकडे कृष्णाचा क्रुष्ण होतो. लोक श्क्रुटेल वाचतील.”

“ती लोकांची चूक.”

वृत्तसंपादक आत आले, म्हणाले, स्कर्टेल लिहा, हॅमसिक लिहा, कालपर्यंत जे लिहिलं तेच लिहा, मधल्या आठवड्यात माणसाचं नाव बदलत नाही. यावर गुरुजींनी तत्त्वाचा मुद्दा काढला. तो मुद्दा चांगला पुढे गेला, मॅच सुरू होऊन पाव तास झाला तरी संपेना, आणि त्या नादात पहिला गोल आम्ही कोणीच पाहिला नाही. २५वं मिनिट. इटलीच्या दे रोस्सीचा पास कुठच्या कुठे गेला, स्लोव्हाकियाच्या कुचकाने तो उचलला आणि विटेकने खाली कोपऱ्यात मारला. आम्ही पाहिला तो रिप्ले.

त्यात आणखी एक भानगड. स्लोव्हाकियाचा कोच व्लादिमीर वाइस. संघातला विंगर त्याचा मुलगा, त्याचंही नाव व्लादिमीर वाइस. आजोबा व्लादिमीर वाइस चेकोस्लोव्हाकियाकडून १९६४च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलेले. त्या दिवशी बापाने मुलाला उतरवलंच नाही. आमच्या पानासाठी ते फार बरं झालं.

हाफ टाइमनंतर डेस्कवर दोन टीव्ही दोन दिशांना ओढायला लागले. दांबुलात प्रश्न मिटल्यात जमा होता. कार्तिकच्या ६६ धावांवर आपण २६८ केल्या होत्या आणि नेहराने श्रीलंकेची वरची फळी कापून काढली होती. तिसरीकडे कॉम्प्युटरवर इस्नर-माहूचा स्कोअर, दर दोन मिनिटांनी एक आकडा वाढणारा. ६४-६४. ६५-६५. आमच्या पान लावणाऱ्या ऑपरेटरला वाटलं की मशीन अडकलंय.

जोहान्सबर्गमध्ये इटलीचे कोच लिप्पींनी हाफ टाइमलाच माज्जो आणि क्वालियारेल्लाला उतरवलं होतं. म्हणजे माझी चौकट मैदानावर चालायला लागली होती! क्वालियारेल्लाने मारलेला एक बॉल स्कर्टेलने (गुरुजींच्या श्कृटेलने) अगदी गोलरेषेवरून परतवला. मग ७३व्या मिनिटाला कॉर्नर. बॉल बाहेर आला तो हामशीककडे. त्याने तो थांबवून वगैरे ठेवला नाही, खालून वेगात परत आत सोडला. जवळच्या खांबापाशी विटेक बचावपटूच्या पुढे अर्ध्या पावलाने पोचला. २-०.

मी हे इतकं बारकाईने सांगतोय कारण हा गोल मी नीट पाहिला होता. स्वतःच्या डोळ्यांनी. खोटं बोलायला जागा नव्हती.

कोल्हापूरकडची गाडी लवकर निघायची, त्यामुळे ती आवृत्ती पावणेदहाला सोडावी लागे. नऊनंतरच्या वीस मिनिटांत काय काय झालं त्याचा क्रम आजही मला नीट लावता येत नाही. दि नाताले, २-१. क्वालियारेल्ला बॉल जाळ्यातून काढायला धावला, गोलकीपर मुखा सोडेना, दोघे झोंबले. कोपूनेक बाकावरून उठून आला आणि थ्रो-इनवरून आलेल्या पहिल्याच बॉलला गोलकीपरच्या डोक्यावरून उचलून आत टाकला, ३-१. इस्नरने माहूला ७०-६८ हरवलं, ११ तास ५ मिनिटांनी. क्वालियारेल्लाने लांबून एक असा चिप केला की हरणाऱ्या संघाचा असूनही आमच्याकडे टाळ्या पडल्या, ३-२. पेपेला शेवटी संधी मिळाली, त्याने ती घालवली. आणि गतविजेता इटली गटात तळाला, दोन गुणांवर, न्यूझीलंडच्याही खाली.

“मथळा?” वृत्तसंपादक ओरडले.

चार वाजताच्या माझ्या मथळ्यातला फक्त ‘इटली’ हा शब्द उपयोगाचा उरला होता.

लीड आशिया कपच राहिलं. १५ वर्षांनी जिंकलो होतो, राहणारच. पण इस्नर-माहूला जागा हवी होती, निदान पाच सेटचा स्कोअर आणि तीन ओळी. कुठून काढणार? “ही चौकट कोणाची?” ऑपरेटरने विचारलं आणि माझ्या तोंडाकडे न बघता ‘घरचाच पाहुणा’ उचलून पानाबाहेर ठेवला. स्क्रीनवर पानाशेजारी जी करडी रिकामी जागा असते ना, तिथे तो रात्रभर पडून होता.

राहिला फोटो. एजन्सीचे सतरा फोटो आले होते. मी दुसऱ्या गोलनंतरचा उचलला. चार जण एकमेकांच्या गळ्यात पडलेले, मधोमध दंडावर कर्णधाराची पट्टी, उभा तुरा, उघडं तोंड. विटेक पाठमोरा. ऑपरेटर म्हणाला, “फोटोओळ द्या, चार मिनिटं आहेत.” मी दिली. वाचूनही पाहिली. ‘इटलीविरुद्ध दुसरा गोल केल्यानंतर जल्लोष करणारा स्लोव्हाकियाचा कर्णधार मारेक हॅमसिक.’

पान सोडलं. चहा घेतला.

शहर आवृत्तीत तो फोटो उरला नाही. तिथे धोनी कप घेऊन आला. म्हणजे माझी चूक उभ्या महाराष्ट्रात फक्त तिकडे गेली जिकडे फुटबॉलची बातमी खरोखर वाचली जाते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता खुर्चीत बसायच्या आत फोन.

“क्रीडा का? कोल्हापुरातनं बोलतोय. पेपर चांगला असतोय तुमचा. पन त्या फोटोखाली काय लिवलंय?”

मला ओळीतला पहिला शब्द आठवायच्या आतच पोटात गोळा आला.

“दुसरा गोल विटेकचा हाय साहेब. त्या तुरेवाल्यानं पास दिल्ता.”

“हो. चूक झाली. घाईत...”

“घाई असंल. पन पास दिलेल्याला गोल दिलासा की हो तुमी. आमच्यात शाहू स्टेडियमवर असं कुनी छापलं तर दोन तालमींत मारामारी व्हईल.” मग जरा थांबून, आवाज खाली आणून, “पास लई भारी हुता पन.”

मी नाव विचारलं, त्यांनी सांगितलं नाही. ‘प्रेक्षक म्हना’ म्हणाले आणि ठेवला. खुलासा छापायचा ठरला होता. जाहिरात आली, राहिला. चार दिवसांनी स्लोव्हाकिया नेदरलँड्सकडून १-२ हरला, त्यातला तो एक गोलही विटेकचाच, स्पर्धेतला चौथा. ती बातमी मी लिहिली आणि त्यात ‘विटेक’ हा शब्द पाच वेळा घातला. गुरुजींनी तीन काढले.

हामशीकला त्यानंतर मी सोडलं नाही. नोकरीतल्या चुकीशी आपलं एक नातं जडतं, तसलं काहीतरी. तो नापोलीतच राहिला, साडेअकरा वर्षं. २०१२च्या इटालियन कपच्या फायनलमध्ये युव्हेंटसविरुद्ध दुसरा गोल त्याचा (हा खरोखर त्याचा), पाओलो कानाव्हारो गेल्यावर कर्णधार. २३ डिसेंबर २०१७ला त्याने साम्पदोरियाविरुद्ध नापोलीसाठी ११६वा गोल केला आणि मॅराडोनाचा ११५चा विक्रम मागे पडला. नेपल्समध्ये मॅराडोनाचा विक्रम मोडणं ही काय चीज असेल! मी तीन कॉलम मागितले. पण त्याच दिवशी बार्सिलोनाने माद्रिदमध्ये जाऊन रेआलला ३-० हाणलं होतं. मेस्सीसमोर कोण टिकणार? हामशीकला सिंगल कॉलम मिळाला, मथळ्यासकट नऊ ओळी.

लीग त्याला नापोलीत मिळालीच नाही. २०१७-१८ मध्ये ९१ गुण करूनही युव्हेंटस पुढे. २०१९ला तो चीनमध्ये गेला, मग स्वीडन, आणि लीगचा कप हातात आला तो २०२२ साली तुर्कस्तानच्या ट्रॅब्झॉनस्पोरबरोबर, त्या क्लबाला ३८ वर्षांनी मिळालेला. पुढच्याच वर्षी नापोलीही जिंकली. मधल्या फळीत तेव्हाही एक स्लोव्हाक होता, लोबोत्का. हा नव्हता.

२०२३मध्ये तो थांबला. मी तोवर वेब डेस्कवर आलो होतो, म्हणजे जागेची भांडणं संपली होती. नापोलीसाठी ५२० मॅच आणि १२१ गोल, देशासाठी १३८ मॅच आणि २६ गोल, दोन्ही स्लोव्हाक विक्रम. सातशे शब्द लिहिले, कोणी एक कापला नाही. सगळीकडे ‘हामशीक’ लिहिलं. अर्ध्या तासाने पाहतो तर शिफ्टवरच्या मुलीने सगळीकडे ‘हॅमसिक’ केलेलं.

“सर, लोक तसंच सर्च करतात.”

गुरुजी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. तत्त्वाचा मुद्दा एकट्याने काढायचा मला कंटाळा आला. राहू दे म्हटलं.

“फोटो हा चालेल ना?” तिने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. एलिस पार्क. उभा तुरा, उघडं तोंड, पाठमोरा विटेक.

“चालेल,” मी म्हणालो. “फोटोओळ मी लिहितो.”