महिन्याचं नको, आठवड्याचं दे

मेलबर्नच्या पश्चिम उपनगरातल्या एका औषधाच्या दुकानात मी फार्मासिस्ट आहे. हेरॉइनच्या किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनावर उपचार घेणारे आमच्याकडे रोज येतात. उपचाराचं औषध म्हणजे मेथाडोन समोर प्यायचं, नाहीतर ब्युप्रेनॉर्फिन या दुसऱ्या औषधाची पट्टी जिभेखाली विरघळेपर्यंत आमच्या नजरेसमोर थांबायचं. शेजारी कुणी खोकल्याचं औषध घेत असतो, त्याला सगळं कळतं. 1 जुलै 2023पर्यंत तर या उभं राहण्याची फीही त्यांच्याच खिशातून जायची.

म्हणून बुविडाल, म्हणजे ब्युप्रेनॉर्फिनचंच लांब टिकणारं इंजेक्शन, मला वरदान वाटतं. सिरिंज भरलेली येते, फ्रीज लागत नाही. कातडीखाली गेल्यावर औषधाचं जेल होतं आणि तिथून ते आठवडाभर किंवा महिनाभर हळूहळू झिरपतं. ते शिरेत गेलं तर जिवावर बेतेल, म्हणून पेशंटच्या हाती कधीच देत नाहीत. चाळिशीतल्या एका बाईंना रोजची 12 मिलिग्रॅमची पट्टी होती. डॉक्टरांनी महिन्याचं 96 मिलिग्रॅमचं इंजेक्शन लिहून दिलं. मी तयारी केली, त्यांनी शर्ट वर घेतला आणि विचारलं, "उद्या नको वाटलं तर?"

"परत काढता येत नाही. महिनाभर उतरत राहणार."

त्यांनी शर्ट खाली ओढला. "माझ्या अंगात काय जाणार ते इतकी वर्षं दुसरेच ठरवत आले. पट्टी निदान मी माझ्या हातानं ठेवते." घरी न्यायला मिळालेली पट्टी त्या अर्धी सकाळी, अर्धी रात्री घ्यायच्या, हेही मला तेव्हा कळलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "महिन्याचं नको, आठवड्याचं दे."

म्हणजे 24 मिलिग्रॅम, आणि त्यासाठी नवं प्रिस्क्रिप्शन. डॉक्टर फोनवर वैतागले: महिन्याचंच सोपं पडेल. कुणाला सोपं? सहकारी म्हणाला, एवढी सोय करून दिली तरी यांचं समाधान नाही. मला राग आला. मधुमेहाच्या पेशंटनं इन्शुलिनबद्दल असा प्रश्न विचारला असता तर त्याला आम्ही जागरूक म्हटलं असतं.

महिन्याच्या इंजेक्शनवर खूश असलेलेही आहेत. एक जण कित्येक वर्षांनी सलग आठवडाभर मासे पकडायला गेला, वाटेत कुठलं दुकान उघडं असेल याची चिंता न करता. दुसरा मात्र म्हणाला, आता दिवसभरात मला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही.

त्या बाई अजून दर आठवड्याला येतात. एकाच जागी आठ आठवडे पुन्हा टोचायचं नसतं, म्हणून पोट, मांडी, नितंब यांचा तक्ता फाइलमध्ये असतो. पुढची जागा त्याच निवडतात. डॉक्टर विचारतात, महिन्याचं कधी? मी तो विषय काढलेला नाही. काढला नाही तर वर्षाला 52 टोचण्या. काढला तर, सोपं पडेल म्हणणाऱ्यांत मीही एक.