भिंती लावल्या आणि फट आधीच भरली

शान-चेन मॉडेल (१९९३ मधलं, द्रव आणि बाष्प वेगळे होताना दाखवणारं, जाळीच्या बिंदूंवर प्रवाह मोजणाऱ्या लॅटिस बोल्ट्झमन या संगणकीय पद्धतीवर बसणारं) आता माझ्या कोडमध्ये भिंतींसकट चालतंय. मोकळ्या पेटीतल्या दोन्ही परीक्षा झाल्या. थेंबाच्या आतल्या-बाहेरच्या दाबांतला फरक आणि त्रिज्येचा व्यस्त यांचा आलेख सरळ रेषेत येतो. कणांमधली ओढ घनतेवरून ठरवणारं नेहमीचं घातांकी फलन घेतलं की क्रांतिक बिंदू (जिथे द्रव आणि बाष्प यांतला फरकच संपतो) कागदावरच निघतो: आकर्षणाचा गुणांक उणे ४, घनता २ चा नैसर्गिक लॉग, म्हणजे ०.६९३. कोडही तेच सांगतो.

खरी गंमत भिंतीत आहे. भिंतीच्या बिंदूंना एक कृत्रिम घनता द्यायची, बस. ती बाष्पाच्या जवळ ठेवली की थेंब गोळी होऊन बसतो, द्रवाकडे सरकवली की पसरतो. इथे मालवणात पाऊस लागलाय, म्हणून परसातल्या अळवाच्या पानावरच्या थेंबाचा फोटो अगदी पानाच्या पातळीवरून घेतला. थेंबाची कड पानाला टेकण्याआधी आत वळलेली स्वच्छ दिसते. शेजारच्या काळ्या कातळावर तसाच थेंब क्षणात पसरून जातो.

मग दोन समांतर, पाणी ओढणाऱ्या भिंती घेतल्या आणि फटीची दोन्ही टोकं बाष्पाच्या मोठ्या साठ्याला जोडली. बाष्पाची घनता मुद्दाम संपृक्ततेच्या खाली, म्हणजे मोकळ्या जागेत द्रव होणार नाही इतकी. रुंद फटीत भिंतींवर नुसता पातळ थर धरतो. अरुंद फटीत मात्र एके ठिकाणी थर जरा फुगतात, एकमेकांना भिडतात, आणि तिथून द्रव दोन्ही बाजूंना धावत सुटतो. साठ्यात अजून बाष्पच! हे पडद्यावर घडताना मी कितीदा पाहिलं असेल, तरी पोट भरत नाही.

केल्व्हिनचं १८७१ चं समीकरण हेच सांगतं: ओल्या होणाऱ्या भिंतींची फट जितकी अरुंद, तितक्या कमी आर्द्रतेत बाष्पाचं द्रव होतं. खऱ्या पाण्याचे आकडे घातले तर २५ अंश सेल्सिअसला ९० टक्के आर्द्रतेत, पूर्ण ओल्या होणाऱ्या भिंतींची सुमारे १० नॅनोमीटर त्रिज्येची नळी भरून जाते. आपल्या जांभ्याच्या भिंतींना पावसाळ्यात दिसते ती ओल बहुतेक झिरपलेल्या पाण्याची, पण दगडाच्या बारीक छिद्रांत हेही चालत असणार.

फटीच्या रुंदीतून दोन्ही थरांची जाडी वजा केली की माझे मोजलेले बिंदू केल्व्हिनच्या रेषेच्या बरेच जवळ येतात. न करता अरुंद फटीत ते सरळसरळ भरकटतात. द्रव-बाष्पाच्या पृष्ठभागाशी उठणारे खोटे प्रवाह (खरे नव्हेत, गणनेच्या पद्धतीतून येणारे) अजून त्रास देतात. आता कार्नाहन-स्टार्लिंगचं अवस्था-समीकरण (दाब आणि घनता यांचं नातं सांगणारं दुसरं सूत्र) घालून बघतो, आणि भरलेली फट रिकामी व्हायला घनता किती खाली न्यावी लागते तेही मोजायचंय. कुणी हे केलं असेल तर आलेख जरूर दाखवा.