ही रेषा इथे असायला नको होती

जी २९-३८ या ताऱ्याचा निळ्या टोकाचा वर्णपट (प्रकाशाची रंगवार फोड) उघडला, तर हायड्रोजनच्या रुंद खळग्यांच्या अध्येमध्ये ३९३.४ नॅनोमीटरपाशी एक बारीक खाच. ही कॅल्शियमची के रेषा, म्हणजे कॅल्शियमने प्रकाश शोषल्याची खूण. मीन राशीतला हा श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, सुमारे ५७ प्रकाशवर्षांवर आहे, तापमान १२ हजार केल्व्हिनच्या आसपास. पृष्ठभागावरचं गुरुत्व पृथ्वीच्या जवळपास लाखपट, त्यामुळे हायड्रोजनपेक्षा जड मूलद्रव्यं तळाशी बसतात. इथलं कॅल्शियम फार तर वर्षभरात दिसेनासं व्हायला हवं, आणि तारा तर कोट्यवधी वर्षं थंड होत आलाय.

तरी लगेच हुरळून जायचं नाही. आम्ही पहिला संशय घेतो चंद्रावर. चांदणं म्हणजे सूर्यप्रकाशच, आणि सूर्याची के रेषा चांगलीच खोल. पार्श्वभूमी नीट वजा झाली नाही, तर तीच रेषा ताऱ्याच्या नावावर चढते. हा तारा तेराव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) असल्याने धोका कमी. अठराव्या प्रतीच्या ताऱ्याला मात्र हे महागात पडतं. ओळखायची खूण सोपी: पृथ्वीच्या गतीची दुरुस्ती करण्याआधीच्या फाइलमध्ये चंद्राची रेषा जवळपास शून्य वेगावर बसलेली असते.

दुसरा संशय तारा आणि आपल्यामधल्या वाटेतल्या वायूवर, कारण त्यातलं कॅल्शियमही हीच रेषा उमटवतं. एरवी कॅल्शियमच्याच जोडीच्या एच रेषेची साक्ष काढता आली असती, पण ती ३९६.८ला, आणि हायड्रोजनची रुंद एप्सिलॉन रेषा ३९७.०ला. गिळूनच टाकते ती. मग उरतो वेग. श्वेत बटूच्या गुरुत्वामुळे त्याच्या सगळ्या रेषा सेकंदाला साधारण ३० किलोमीटरइतक्या तांबड्याकडे सरकतात. वाटेतल्या वायूच्या नाही. हायड्रोजनच्या अल्फा रेषेच्या मधल्या टोकदार भागाचा वेग आणि के रेषेचा वेग जुळला, की कॅल्शियम ताऱ्याचंच. त्यासाठी विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळच्या रंगछटा वेगळ्या दाखवण्याची ताकद, २० हजारांच्या घरात हवी. २ हजारांच्या वर्णपटात सेकंदाला १५० किलोमीटरचा फरकच जेमतेम कळतो, तिथे हा वाद सुटत नाही.

इथे वेग जुळला. म्हणजे माल वरून येतोय, आणि आत्ता येतोय. लघुग्रह ताऱ्याच्या साधारण एक सौरत्रिज्या इतक्या जवळ आला, की भरती-ओहोटीचं बल त्याचे तुकडे करतं. तुकड्यांची धूळ होते, तिची चकती बनते; ताऱ्याच्या प्रकाशाने धूळ हळूहळू आत सरकते, वाफ होते आणि खाली पडते. याच ताऱ्याभोवतीचा जादा अवरक्त प्रकाश खगोलशास्त्रज्ञ झुकरमन आणि बेक्लिन यांनी १९८७ मध्ये नोंदवला. आधी तो तपकिरी बटूचा (तारा होता होता राहिलेल्या मंद गोळ्याचा) वाटला होता, निघाली धूळ. पडणाऱ्या मालाचे क्ष-किरणही अवकाशातल्या ‘चंद्रा’ दुर्बिणीने टिपले, तो निष्कर्ष २०२२ मध्ये आला.

पुढचं काम हिशोबाचं. नवखे हमखास इथे अडकतात: वर्णपटातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं गुणोत्तर म्हणजे पडलेल्या दगडातलं गुणोत्तर नव्हे. प्रत्येक मूलद्रव्याचा बुडण्याचा वेग वेगळा, म्हणून प्रत्येकाचं प्रमाण त्याच्या बुडण्याच्या काळाने भागल्याशिवाय तुलना करायची नाही. मॅग्नेशियमसाठी ४४८.१ची रेषा बघायची. ऑक्सिजन आणि सिलिकॉनच्या ठळक रेषा अतिनील भागात असल्याने त्यांच्यासाठी हबल अवकाश दुर्बिणीकडेच अर्ज करावा लागतो.