हजेरी पूर्ण, वर्ग रिकामा

ऑनलाइन वर्गात स्क्रीनवर अठ्ठावीस नावं दिसतात, म्हणजे अठ्ठावीस मुलं शिकत असतात असं नाही. लॉगिन झालेलं असतं, माइक बंद, कॅमेरा बंद, फोन उशीला टेकवलेला आणि मूल भलतीकडेच. यावर सुचवले जाणारे उपाय बहुतेक सजावटीचे असतात: रंगीत स्लाइड्स, हलती चित्रं, दर आठवड्याला नवं ॲप. दोन दिवस गंमत वाटते, तिसऱ्या दिवशी पुन्हा सामसूम. लक्ष टिकतं ते हाताला काम असलं की. दर चार-पाच मिनिटांनी वर्गातल्या प्रत्येक मुलाला काहीतरी लिहावं, निवडावं किंवा दाखवावं लागतंय का, एवढा एकच प्रश्न पाठ आखताना विचारला तरी निम्मं काम होतं.

आणि इथे ऑनलाइन वर्ग प्रत्यक्ष वर्गाच्या पुढे जाऊ शकतो. एरवी प्रश्न विचारला की चार हात वर होतात, एक मूल उत्तर देतं आणि उरलेल्या सगळ्यांना सुट्टी. ऑनलाइन अर्ध्या मिनिटात अठ्ठावीस उत्तरं हातात येऊ शकतात, तीही एकमेकांना न दिसता. चुकलं तर हसणारं कोणी नसतं, म्हणून एरवी गप्प बसणारं मूलही लिहितं. हा फायदा न घेता चाळीस मिनिटं नुसतं बोलत राहायचं असेल, तर त्यापेक्षा ध्वनिफीत पाठवलेली बरी.

साध्या चॅटपासूनच सुरुवात करता येते. चॅटमध्ये प्रश्न विचारला की पहिलं उत्तर येतं आणि पुढची दहा त्याची नक्कल असतात. म्हणून पद्धत अशी ठेवायची: प्रश्न वाचून दाखवा, ‘उत्तर लिहून ठेवा, पाठवू नका’ असं स्पष्ट सांगा, तीस ते चाळीस सेकंद द्या, मग ‘तीन, दोन, एक, पाठवा’. सगळी उत्तरं एकदम येऊन पडतात, नक्कल करायला वेळच उरत नाही. पहिले दोन-तीन दिवस कोणीतरी घाईनं आधीच पाठवतं. रागवू नका, प्रश्न बदलून पुन्हा घ्या. सोय असेल तर चॅट फक्त शिक्षकांना दिसेल असं सेटिंग करून ठेवावं. पोल वापरत असाल, तर मतं येत असताना निकाल उघडा ठेवू नये, नाहीतर मुलं वाढणाऱ्या पट्टीकडे बघूनच मत देतात.

प्रश्न कसा काढलाय यावर सगळं अवलंबून आहे. ‘समजलं का?’ हा प्रश्न नाहीच. त्याला ‘हो’ हे एकच उत्तर येतं. अपूर्णांकांची बेरीज घ्या. १/२ + १/३ किती? पर्याय चार: ५/६, २/५, २/६ आणि १/६. बरोबर उत्तर ५/६, पण कामाचे आहेत ते बाकीचे तीन. २/५ निवडणाऱ्यानं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलाय. २/६ वाल्यानं समान छेद काढला, पण अंश बदलायला विसरला. १/६ वाल्यानं बेरजेऐवजी गुणाकार केला. तिघांची दुखणी वेगळी, औषधंही वेगळी. २/६ वाल्याला समच्छेद पुन्हा पहिल्यापासून समजावणं म्हणजे त्याचा वेळ घालवणं. त्याला फक्त विचारायचं, ‘अर्ध्याचे सहा भागांत किती भाग होतात?’ चुकीचे पर्याय अंदाजानं भरू नयेत. मागच्या वर्षीच्या वह्या काढा, त्यात ते आयते सापडतात.

उत्तरं आली की पुढे काय करायचं? हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९०च्या दशकात रुळवलेली पद्धत इथे जशीच्या तशी चालते. मुलं आधी एकेकटी मत देतात, मग आपसांत चर्चा करतात, मग पुन्हा मत देतात. चर्चेला पाठवायचं ते बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तेव्हाच. त्याहून कमी असतील तर चर्चेत चुकीचंच पसरतं, आधी शिकवावं. त्याहून जास्त असतील तर दोन वाक्यांत खुलासा करून पुढे सरकावं.

प्रश्न विचारल्यावर थांबणं सगळ्यात अवघड जातं. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. ऑनलाइन त्यात आवाज पोचायचा वेळ आणि माइक सुरू करायची खटपट मिळवा. आठ ते दहा सेकंद धरा. स्क्रीनसमोर ही शांतता फार लांबलचक वाटते, म्हणून मनातल्या मनात आकडे मोजायचे. कोणाचं तरी नाव घेऊन विचारायचं असेल, तर प्रश्न आधी आणि नाव नंतर. नाव आधी घेतलं की बाकीचे कान बंद करतात.

कॅमेरा सुरू ठेवा म्हणून मुलांशी वाद घालण्यात अर्थ नाही. स्वतःचा चेहरा सतत दिसणं, सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटणं आणि एका जागी खिळून राहणं यानं शीण येतो, हे स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची कारणं मांडताना सांगितलंच आहे. घरातली जागा दाखवायला मुलाला संकोच वाटत असेल, तो वेगळाच. मग चेहऱ्याऐवजी वही मागा: गणित सुटलं की कॅमेरा दहा सेकंदांसाठी सुरू करून वहीचं पान समोर धरायचं आणि पुन्हा बंद. काम दिसतं, चेहऱ्याची सक्ती राहत नाही. ज्यांचा कॅमेरा सुरू असतो त्यांना स्वतःची चौकट लपवायचं सेटिंग शिकवावं, दोन मिनिटांचं काम आहे. वहीत लिहायला लावण्याचा आणखी एक फायदा म्हणजे तेवढा वेळ डोळे पडद्यावरून हटतात. तरीही दर वीस मिनिटांनी वीस सेकंद साधारण सहा मीटर लांबचं काहीतरी बघायला सांगावं.

गटांच्या वेगळ्या खोल्या, म्हणजे ब्रेकआउट रूम, हा प्रकार सगळ्यात जास्त फसतो आणि कारण बहुधा एकच असतं. मूल खोलीत गेलं की मुख्य स्क्रीनवरची सूचना दिसेनाशी होते, आणि आत चौघं एकमेकांना विचारत बसतात, ‘करायचं काय होतं?’ म्हणून सूचना आधीच लिहून सगळ्यांकडे पोचलेली हवी: एक काम, एक वेळ आणि शेवटी दाखवायची एक वस्तू. ‘चर्चा करा’ हे काम नव्हे. ‘२/५ हे उत्तर चूक का, ते दोन वाक्यांत लिहा आणि एक चित्र काढा’ हे काम. गट चारचा ठेवावा. एकाचं नेट गेलं तरी तिघं उरतात. दोघांच्या गटात एक गेला की दुसरा भिंतीशी बोलतो, आणि सहाच्या गटात दोघं बोलतात, चौघं लपतात. कोण लिहिणार, कोण वेळ बघणार, कोण परत येऊन सांगणार हे आधी ठरवा. भांडण नको असेल तर पहिल्या नावाच्या अक्षरक्रमानं. आत जाण्या-येण्यात मिनिटभर जातंच, म्हणून पाच मिनिटांपेक्षा कमी वेळासाठी खोल्या उघडूच नयेत.

ध्वनिचित्रित पाठांचं गणित वेगळं. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्हिडिओ कितीही मोठा असला तरी बघण्याचा मध्यक वेळ (निम्मे बघणारे ज्याच्या आतच थांबतात तो) सहा मिनिटांच्या वर जात नाही असं दिसलं. तेव्हा तीस मिनिटांचा पाठ एका दमात चित्रित करायचा नाही; पाच-सहा मिनिटांचे तुकडे, प्रत्येकात एकच मुद्दा आणि शेवटी एक प्रश्न, ज्याचं उत्तर वहीत लिहिल्याशिवाय पुढचा तुकडा उघडायचा नाही. स्लाइडवरचा मजकूर शब्दशः वाचून दाखवू नये. डोळे एका वेगानं वाचतात, कान दुसऱ्या वेगानं ऐकतात आणि दोन्ही एकमेकांच्या पायात येतात. चित्र पडद्यावर, स्पष्टीकरण आवाजात, ही वाटणी बरी. चित्र थोडं धूसर चालतं; आवाज घुमला तर मूल दोन मिनिटांत निघून जातं. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा, आणि रिकाम्या खोलीपेक्षा पडदे-गाद्या असलेल्या खोलीत बोला. नेट कमजोर असलेल्यांसाठी तोच पाठ लहान आकाराच्या, म्हणजे ३२ केबीपीएस मोनो सेटिंगच्या ध्वनिफितीत काढला तर दहा मिनिटांना जेमतेम अडीच एमबी लागतात. सोबत वहीच्या पानाचा एक स्वच्छ फोटो.

तासाची सुरुवात ‘माझा आवाज येतोय का?’ यात घालवू नये. मूल आत आलं की पडद्यावर तीन प्रश्न तयार हवेत: एक कालच्या धड्यावर, एक मागच्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. पुस्तक बंद. पाच मिनिटांत उत्तरं, गुण नाहीत. उशिरा येणाऱ्यांचा गोंधळ तेवढ्यात निवळतो. पण खरं कारण वेगळं आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत धडा पुन्हा वाचणारे पुढे होते, तर आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. पुन्हा वाचल्यावर ‘येतंय’ असं वाटतं, तेच फसवं. आणि ज्याला रोज पाचव्या मिनिटालाच एखादं उत्तर जमतं, ते मूल उरलेल्या तासाला सहसा टिकतं.

वेगावर गुण देणाऱ्या प्रश्नमंजूषा मुलांना आवडतात, हे मान्य. पण त्यात विचार करणारं मूल हरतं आणि अंदाजपंचे बटण दाबणारं जिंकतं. गुणफलकावर तीच तीन नावं चार वेळा दिसली की बाकीच्यांनी खेळणं सोडलेलं असतं. घड्याळ बंद करा किंवा गटांत खेळवा.

गृहपाठ मागवला तर चोवीस तासांत काहीतरी परत गेलं पाहिजे. ‘छान’ आणि अंगठ्याचं चित्र यानं काहीच होत नाही. तपासलं नाही हे मुलाला बरोबर कळतं. तीस-चाळीस सेकंदांचा आवाजी निरोप लेखी शेऱ्यापेक्षा पटकन होतो. त्यात तीनच गोष्टी: नेमकं काय जमलं, नेमकी कुठली पायरी चुकली, आता कुठलं एक गणित पुन्हा करायचं. अठ्ठावीस मुलांना रोज हे जमणार नाही. रोज सात-सात जणांची पाळी लावली, तर चार दिवसांत सगळ्यांकडे एकेकदा पोचता येतं. उरलेल्यांना त्या दिवशी सामाईक चुकांची एक यादी.

शेवटी राहिली नोंद. हजेरीपेक्षा उत्तरांची नोंद ठेवा. एका तक्त्यात उभी नावं, आडवे दिवस, आणि चौकटीत त्या दिवशी आलेल्या उत्तरांची संख्या. सहा, पाच, सहा, दोन, शून्य असा उतार दिसला की ते मूल गळायला लागलंय. हजेरी मात्र त्या पाचही दिवशी पूर्ण असते. सलग दोन दिवस शून्य आलं तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नये. गटावर सगळ्यांसमोर नाव घेऊ नये आणि पहिला फोन पालकांकडे तक्रारीसाठी जाऊ नये. फोन घरचाच असेल तर त्यांना एवढंच म्हणायचं, ‘जरा तिच्याशी बोलायचं होतं.’ आणि तिच्याशी: ‘दोन दिवस तुझी उत्तरं आली नाहीत. नेट जातंय, की गणित अडलंय?’ दोन्हीतलं काही एक सांगणं सोपं असतं, म्हणून ती सांगते. अडलं असेल तर फोन ठेवायच्या आधीच उद्याच्या तीन प्रश्नांपैकी पहिला तिला सांगून टाकावा.