बावन्न ग्रॅम

मी मुंबईत पियानो ट्यून करतो. मावशीला अजून वाटतं की मी पेट्या दुरुस्त करतो, आणि तिचं फारसं चुकतही नाही. माझं बहुतेक काम जुन्या पारशी आणि गोवेकर घरांतल्या उभ्या पियानोंचं. वर फोटोंच्या फ्रेमा, आत वाळवी, आणि फेल्ट कुरतडून उंदरांनी केलेली घरटी. मैफलीचा ग्रँड, म्हणजे मोठा आडवा पियानो, वाट्याला येतो तो वर्षाकाठी आठ-दहा वेळा.

गेल्या सप्टेंबरात असाच एक आला. वाजवणाऱ्या बाई युरोपातल्या, साठी उलटलेल्या. आदल्या रात्री एका शहरात कार्यक्रम, दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच शहरात. सतारिया आपली सतार घेऊन हिंडतो. पियानोवाल्याचं तसं नाही, जिथे जाईल तिथे परक्या वाद्यावर बसायचं. विख्यात पियानोवादक होरोविट्झने आपला स्टाइनवे पियानो सोबत हिंडवला, पण ४८० किलोचं धूड गावोगाव न्यायला मागे होरोविट्झचं नाव लागतं. बाकीच्यांना त्या वाद्याशी ओळख करून घ्यायला मिळतो तासभर, आणि मधे मी.

सकाळी सातला हॉलवर पोचलो तर हायग्रोमीटरवर दमटपणा ७४ टक्के. रात्री एसी बंद केला होता. किती वर्षं सांगतोय, पियानोसाठी तरी तो चालू ठेवा. मॅनेजरसाहेबांचं उत्तर ठरलेलं: "अहो, रिकाम्या हॉलला कशाला थंडावा?" फुलांच्या कमानीला मात्र पैसे असतात. दमटपणाने आतली स्प्रूसची फळी फुगते, तारांना वर ढकलते आणि मधल्या सप्तकांचा सूर चढतो. तारा सव्वादोनशेच्या वर, सगळ्यांचा मिळून ताण वीसेक टन. एकीकडे हात लावला की दुसरीकडे हलतं. तीन पट्ट्या दाबल्यावर आळसावून वर येत होत्या, त्यांची बुशिंगं, म्हणजे खाचेतली फेल्टची अस्तरं, पकडीने सैल केली. साडेदहापर्यंत सूर ४४० हर्ट्झवर बसवला आणि सवयीने वजनही तपासलं. पट्टीच्या टोकावर पितळी वजनं ठेवत जायचं, ती हळूच खाली बसते तो तिचा भार. मधल्या सप्तकात ५२ ग्रॅम. चांगला आकडा.

अकराला बाई आल्या. आधी शूबर्टची शेवटची सोनाटा, तिच्यातला तो खर्जातला दबका ट्रिल, दोन सुरांचा झरझर कंप, चार-पाच वेळा. त्यावर काही बोलल्या नाहीत. मग राव्हेलचं 'गास्पार द ला न्युई'. आजवरच्या सगळ्यांत अवघड तुकड्याहून अवघड काही लिहायचं म्हणून त्याने १९०८ साली रचलेलं. त्यातली पहिली 'ओंदिन', पाण्यातली परी. उजवा हात वरच्या सप्तकात अगदी हलकेच थरथरत राहतो. दोन ओळी वाजवून बाई थांबल्या.

"जड आहे."

मी म्हटलं, "बावन्न ग्रॅम आहे, बाई."

"असेल. माझ्या हाताला जड आहे."

त्या हॉटेलवर विश्रांतीला गेल्या. माझ्याकडे चार तास होते. भार खरोखर कमी करायचा तर पट्ट्यांमधली शिशाची वजनं हलवावी लागतात. ते दोन दिवसांचं काम, आणि मैफलीच्या दिवशी त्याला हात घालणारा ट्यूनर मूर्ख. मी स्वतः बसून ती सुरुवात माझ्या खडबडीत बोटांनी वाजवून पाहिली. पट्ट्या मोकळ्या होत्या. आवाज तेवढा मिटलेला होता.

तंबोरा ऐकणाऱ्यांना हे चटकन कळेल. जवारी बंद झाली की तार तीच, सूर तोच, पण नाद उमलत नाही, आणि बोट नकळत जोर लावायला लागतं. मिरजेचा कारागीर घोडीवर कानस फिरवतो, मी हॅमरवर, म्हणजे तारेवर आपटणाऱ्या फेल्टच्या हातोडीवर, पॉलिशपेपर. बाईंच्या बोटांना आवाज कमी मिळत होता, त्या जास्त दाबत होत्या आणि त्या दाबण्याला जडपणा म्हणत होत्या. असा माझा अंदाज.

ॲक्शन, म्हणजे पट्ट्या आणि हॅमरांचा सगळा सांगाडा, बाहेर ओढली. हे करताना श्वास रोखलेला असतो. चुकून एक पट्टी जरी दाबली गेली तरी तिचा हॅमर वर उठतो आणि पिनब्लॉकला, तारांच्या खुंट्या धरणाऱ्या फळीला, अडकून दांडी मोडते. वरच्या अडीच सप्तकांच्या हॅमरांवर तारांच्या तीन-तीन खाचा पडल्या होत्या, त्यात दमट हवेने फेल्ट फुगलेलं. लाकडी पट्टीवर चिकटवलेल्या पेपरने खांद्याकडून टोकाकडे, एकेक थर, अंड्याचा आकार न बिघडवता. तिथे फेल्ट एवढं पातळ की जरा हात जास्त पडला तर लाकूड वाजायला लागेल, आणि घासलेलं परत येत नाही. मग दमट टोकांवरून हलकी गरम इस्त्री. उस्ताद म्हणायचे, हॅमर घासताना कुणाशी बोलू नये. हॉलचे मामा तीनदा चहा विचारून गेले, मी एकदाही मान वर केली नाही. शेवटी पुन्हा ट्यूनिंग, कारण तोवर एसीने सूर उतरवला होता.

साडेपाचला बाई आल्या, 'ओंदिन'ची तीच सुरुवात वाजवली आणि माझ्याकडे वळून हसल्या. "आता हलका झाला."

तिथेच सांगायला हवं होतं की भाराला मी हातही लावला नाही. पण दीड तासावर मैफल. पन्नासेक वर्षं रोज याच पट्ट्यांवर बसलेल्या बाईला तुमची बोटं फसली म्हणायचं? आणि फसली तरी कशी म्हणू? पियानोत काहीतरी बिघडलंय हे त्यांना दोन ओळींत कळलं. मी सकाळी साडेतीन तास त्याच वाद्यात डोकं घालून होतो, मला कळलं नव्हतं.

विंगेत उभा राहून ऐकलं. शूबर्टचा ट्रिल आला तेव्हा तिसऱ्या रांगेत कुणाचा तरी फोन वाजला. तो वाजायचाच. 'ओंदिन' मात्र अशी सुटली की माझे सगळे युनिसन, एकाच सुराच्या तारांचे मेळ, जागेवर आहेत का हे तपासायचंच विसरलो.

निघताना बाईंनी हात हातात घेतला. "किती ग्रॅम काढलेत?"

"फार नाही," मी म्हटलं.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते मला अजून लागत नाही. मग त्या गाडीत बसल्या.

सगळे गेल्यावर मी पुन्हा झाकण उघडलं आणि वजनं मांडली. बावन्न. पियानोसोबतच्या वहीत लिहिलं: वरचे हॅमर घासले, इस्त्री, दोनदा ट्यूनिंग. भाराचा रकाना रिकामाच ठेवला.